मतदान केंद्रात कोणता टी-शर्ट चालतो?

प्रश्न : माझी मुलगी ह्यूस्टनला असते. अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यावर ती आता पहिल्यांदा मतदान करणार आहे. ‘राजकीय कपडे घालून येऊ नकोस’ असं तिला मैत्रिणींनी बजावलंय. भाषणस्वातंत्र्य मानणाऱ्या देशात हे कसं चालतं? आपल्याकडे काय नियम आहे?

उत्तर : चालतं, आणि चालायला हवं, फक्त नियम नेमका हवा. मत देताना तरी मतदाराच्या मागे प्रचाराचा ससेमिरा नको, म्हणून टेनेसी राज्यातली मतदान केंद्राभोवतीची १०० फुटांची प्रचारबंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये उचलून धरली. मिनेसोटा राज्याची बंदी मात्र २०१८ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केली. तिथे ‘राजकीय’ बिल्ला किंवा चिन्ह लावायला मनाई होती, पण राजकीय म्हणजे काय, हे कायद्यात नव्हतंच. सुनावणीत राज्याच्या वकिलांना विचारलं गेलं, शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी घटनादुरुस्ती शर्टावर छापली असेल तर? ते म्हणाले, चालणार नाही. आणि भाषणस्वातंत्र्याची पहिली घटनादुरुस्ती? ती चालेल. आता दारावरच्या कर्मचाऱ्याने हा फरक ठरवायचा तरी कसा?

ह्यूस्टन टेक्सास राज्यात येतं, आणि तिथला नियम मतपत्रिकेला बांधलेला आहे. त्या मतपत्रिकेवरचा उमेदवार, पक्ष किंवा मतदारांच्या कौलासाठी ठेवलेला प्रस्ताव यांच्याशी संबंधित काहीही अंगावर नको. इमारतीच्या मतदारांसाठीच्या बाहेरच्या दारापासून १०० फुटांपर्यंत. दंड ५०० डॉलरपर्यंत होऊ शकतो. फसगत होते ती साध्या वाटणाऱ्या कपड्यांमुळे. २०१८ मध्ये ह्यूस्टनमध्येच अग्निशमन दलाचा टी-शर्ट घातलेल्या मतदार बाईंना तो उलटा करून घालायला लावला, कारण जवानांच्या पगाराचा प्रस्ताव त्याच मतपत्रिकेवर होता. तेव्हा मुलीला सांगा, नमुना मतपत्रिका आधी बघून घे. शंका वाटली तर वरून जाकीट घालून चेन लावायची, बिल्ला पर्समध्ये टाकायचा. तिथे मतदानाच्या जागेपासून १०० फुटांच्या आत मोबाइलही वापरता येत नाही.

आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम १३० आहे. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार करायचा नाही की निवडणुकीसंबंधी चिन्ह मिरवायचं नाही. पक्षाची टोपी आणि उपरणं बाहेरच काढून ठेवायचं. दंड जेमतेम २५० रुपयांपर्यंत, पण गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात.