ठाण्यात रात्रभर बसवून ठेवलं, ती अटक होती का?

प्रश्न : आम्ही कोरेगाव तालुक्यातले. गावच्या यात्रेत दोन गटांत मारामारी झाली, माझा २२ वर्षांचा भाचा तिथं होता. संध्याकाळी सहाच्या सुमारास पोलिसांनी त्याला गाडीत घालून नेलं, रात्रभर ठाण्यात बाकावर बसवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला सोडलं. कागद कसलाच दिला नाही, मोबाइल मात्र ठेवून घेतला. साहेब म्हणाले, "अटक नव्हे, नुसतं ताब्यात घेतलं होतं. बोलावू तेव्हा ये." भाचा केंद्रीय दलाच्या भरतीत पास झालाय. आता साक्षांकनाच्या फॉर्मात विचारलंय, 'आपणास कधी अटक झाली आहे का?' काय लिहायचं? (नाव-गाव छापू नये.)

उत्तर : 'ताब्यात घेतलं' हा ठाण्यांचा आणि बातम्यांचाही आवडता शब्द. त्यात सोय अशी की माणूस आत असतो आणि कागदावर कुठंच नसतो. साताऱ्याच्या कोर्टात येणाऱ्या निम्म्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न तुमच्यासारखाच असतो.

अटक कशी होते, ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (म्हणजे अटक, तपास, खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम ४३ मध्ये आहे. पोलिसानं माणसाच्या अंगाला हात लावला, त्याला अडवून धरलं, किंवा तो स्वतःच बोलून वा वागून स्वाधीन झाला, की अटक झाली. त्यासाठी बेडी लागत नाही आणि कोठडीचं दारही लागत नाही. रात्री दहा वाजता "मी घरी निघालो" म्हणून भाच्याला उठून जाता आलं असतं का? नसेल, तर माझ्या मते त्याचं स्वातंत्र्य त्या रात्री काढून घेतलं होतं. बाकावर बसवलं की कोठडीत, यानं फरक पडत नाही.

मग साहेब अटक का म्हणत नाहीत? कारण अटक म्हटली की कामं मागं लागतात. अटकेची कारणं सांगायची, अटक पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यायची, घरी कळवायचं आणि २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करायचं. शेवटची अट तर थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मधली आहे. तुमच्या भाच्याला वीस तासांत सोडलं, म्हणून सगळं रीतसर झालं असं कुणी सांगेल. ते चूक आहे. २४ तास ही कमाल मर्यादा आहे, तेवढा वेळ कुणालाही विनाकारण बसवून ठेवायचा परवाना नव्हे. कारण नसताना कोंडून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे आणि तो खाकीतल्या माणसालाही लागू आहे.

पोलिसांची बाजूही सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७२ नवं आलं आहे. पोलिसांच्या कायदेशीर सूचना न पाळणाऱ्याला अटकावून ठेवता येतं आणि किरकोळ बाबतीत २४ तासांच्या आत लवकरात लवकर सोडून द्यावं लागतं. शिवाय गुन्हा होऊ नये म्हणून आधीच अटक करायचं कलम १७० आहेच, जुन्या कायद्यातल्या क्रमांकावरून गावाकडं ज्याला अजून 'एकशे एक्कावन्न' म्हणतात ते. पण ती प्रतिबंधात्मक असली तरी अटकच. तेव्हा आधी शोधायचं ते हे, की ठाण्यानं त्या रात्रीची नोंद कुठल्या कलमाखाली केली, की केलीच नाही.

त्यासाठी ठाण्यातून दोन गोष्टी काढा. यात्रेतल्या भांडणाचा एफआयआर झाला की नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), आणि त्यात भाच्याचं नाव आरोपी म्हणून आहे का. एनसी असेल तर न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपासही करता येत नाही, वॉरंटाशिवाय अटक तर दूरच. मग त्या रात्रीला आधार काय, हा प्रश्न पोलिसांना पडेल. दुसरं, अटक झालेल्यांची माहिती प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठेवावी लागते (कलम ३७). तिथं नाव आहे का, हे वकिलामार्फत लेखी विचारा.

आणि एक अर्ज आजच द्या, ठाण्याला आणि प्रत पोलीस अधीक्षकांना : त्या तारखेचं सीसीटीव्ही चित्रण आणि स्टेशन डायरी जतन करावी. सर्वोच्च न्यायालयानं परमवीर सिंग सैनी प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सगळ्या ठाण्यांत कॅमेरे बसवायला आणि चित्रण १८ महिने ठेवायला सांगितलं. तक्रार करायची की नाही ते नंतर ठरवा, भरतीतल्या पोराच्या घरच्यांनी कचरणं मी समजू शकतो. पण चित्रण गेलं तर तो पर्यायच उरत नाही.

आता फॉर्म. केंद्र सरकारच्या साक्षांकन फॉर्मात बहुधा एकच प्रश्न नसतो. अटक झाली होती का, खटला झाला का, कधी अटकावून ठेवलं होतं का, असे वेगवेगळे प्रश्न असतात. म्हणजे 'अटक नव्हे, ताब्यात' या उत्तरानं सुटका होत नाही, ताब्याचा प्रश्न पुढच्याच ओळीत असतो. म्हणून ठाण्याच्या नोंदी कळल्यावर अटकेच्या रकान्यात नोंदीप्रमाणे उत्तर द्या, आणि अटकावून ठेवल्याच्या रकान्यात 'होय' लिहून सोबत असा मजकूर जोडा :

'दि. … रोजी सायंकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी दुपारी २ पर्यंत … पोलीस ठाण्यात यात्रेतील भांडणाच्या चौकशीसाठी मला बसवून ठेवले होते. अटकेचा कोणताही कागद मला दिलेला नाही. माझ्याविरुद्ध गुन्हा दाखल असल्याची मला आजअखेर माहिती नाही.'

शेवटचं वाक्य खरं असेल तरच ठेवा. फॉर्मात फक्त अटकेचाच रकाना असला, तरी हा कागद जोडाच. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की दिलेली माहिती खरी असली पाहिजे. क्षुल्लक प्रकरण असेल तर नोकरी देणारा दुर्लक्ष करू शकतो, पण ते लपवलं, तर लपवणंच अंगावर येतं. पडताळणीला माणूस गावात येतो, आणि यात्रेतलं भांडण आपल्याकडं सगळ्या आळीला पाठ असतं.

"बोलावू तेव्हा ये" याला लेखी नोटीस मागा. आरोपी म्हणून बोलवायचं तर कलम ३५(३), साक्षीदार म्हणून तर कलम १७९. कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सांगितलंय. नोटीस आली की मात्र नक्की जा. न जाणं हेच मग अटकेचं कारण होतं. एफआयआरमध्ये नाव निघालं आणि कलम अजामीनपात्र असलं, तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाला वेळ लावू नका.

मोबाइलचं उत्तर थोडक्यात. वस्तू ताब्यात घेतली तर ती जप्ती. तिचा पंचनामा लागतो, जप्तीचं व्हिडिओ चित्रण लागतं (कलम १०५) आणि न्यायदंडाधिकाऱ्याला कळवावं लागतं. पंचनामा झाला असेल तर मोबाइल मुद्देमाल झाला, तो कोर्टातून सुपूर्दनाम्यावर (मागितल्यावर हजर करीन, असं लिहून देऊन) परत मागायचा. झालाच नसेल, तर कोणत्या कलमाखाली ठेवलाय ते लेखी विचारा आणि पोच घ्या. बहुतेक वेळा या एका कागदावर मोबाइल परत मिळतो. परत देताना मागच्या तारखेच्या पंचनाम्यावर किंवा कोऱ्या कागदावर सही मागितली, तर भाच्यानं ती करू नये. मिळाल्याच्या पावतीवर आजची तारीख टाकून सही करावी.