विचारलं तर पोराच्या डोक्यात नको ते शिरेल का?

मी समुपदेशक आहे. माझ्याकडे मुलाला घेऊन येणारे वडील बहुधा आधी एकटेच आत येतात. मुलगा बाहेर बाकावर. दार लोटून घेतात आणि आवाज खाली करून म्हणतात, "ताई, त्याला त्या मरणाबिरणाचं काही विचारू नका. मनात नसलं तरी यायचं." सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे हे गृहस्थही तेच म्हणाले. पुढे हीच भीती त्यांच्या गावच्या मंडळाच्या बैठकीत उभी राहिली, म्हणून हा अनुभव लिहितेय. ओळख लागू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मुलगा चोविशीतला. बी.एस्सी. झाल्यावर पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करत होता. पूर्व परीक्षा निघाली, मुख्यला गाडी अडली. गावी परतला आणि खोलीतून बाहेर पडेनासा झाला. घरच्यांची तक्रार अशी: दुपारी बारापर्यंत लोळतो, आंघोळीला चारदा सांगावं लागतं, बहिणीवर खेकसतो. आजीच्या मते बाहेरचं काहीतरी लागलं होतं, देवऋष्याकडे एक फेरीही झाली होती. चुलते म्हणत, लग्न लावून द्या, लायनीवर येईल. वडिलांचं निदान एका शब्दाचं होतं, आळस.

त्याच्याशी बोलल्यावर चित्र वेगळं दिसलं. पहाटे तीनला जाग यायची, मग डोळा लागायचा नाही. उजाडल्यावर अंगात उठायचं बळ नसायचं. पुस्तक उघडलं की एकाच परिच्छेदावर नजर फिरत राहायची. ज्या क्रिकेटसाठी हा पोरगा जेवण सोडायचा, ती मॅच समोर चालू असली तरी काही वाटायचं नाही. सलग दोन आठवडे बहुतेक वेळ मन उदास असेल किंवा कशातच गोडी उरली नसेल, जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडली असेल, तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. इथं तीन महिने उलटले होते. तरुण मुलांत पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिड दिसते. त्यामुळे मुलगा आजारी आहे हे घराला कळतच नाही, तो उद्धट झालाय असं वाटतं.

मग वडिलांनी नको म्हटलेला प्रश्न मी विचारला. आडवळणानं नाही, सरळ. "इतकं नकोसं झालंय की जीव द्यावासा वाटतो का?"

तो बराच वेळ टेबलाच्या कडेकडे बघत होता. "येतं मनात. रात्रीचं." मग कधीपासून, किती वेळा, काही ठरवलं आहे का, हेही विचारलं. ठरवलेलं काही नव्हतं. जाताना म्हणाला, "सगळे अभ्यासाचंच विचारतात. हे कुणी विचारलंच नव्हतं."

वडिलांच्या भीतीला उत्तर आहे आणि ते तपासून मिळालेलं आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमध्ये दोन हजारांवर विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. काहींना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं, काहींना नाही. ज्यांना विचारलं त्यांच्यात असे विचार वाढले नाहीत. उलट जी मुलं आधीच खचलेली होती, त्यांचा ताण थोडा कमीच झाला. तेव्हा आईवडिलांनी, मित्रांनी, शिक्षकांनी खुशाल विचारावं. फक्त उत्तर 'हो' आलं तर ओरडू नये, शपथा घालू नयेत आणि त्या रात्री त्याला एकटं सोडू नये.

मुलाला विचारूनच वडिलांना आत घेतलं. पहिलं काम फवारणीच्या औषधांचं होतं. ती घरातून हलवून कुलपात ठेवायची, किल्ली चुलत्यांकडे. आणि काही दिवस धाकट्या भावानं त्याच्याच खोलीत झोपायचं. वडिलांना पोलिसांचीही धास्ती होती, "हे बाहेर कळलं तर केस होईल का?" मनात विचार येणं हा गुन्हा नव्हताच कधी. आणि मानसिक आरोग्य कायदा २०१७ आल्यापासून प्रयत्न करणारा माणूसही तीव्र तणावाखाली होता असंच कायदा धरून चालतो. त्याला उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे.

जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पंचविशीच्या आतल्या मुलांवर पहिल्या काही आठवड्यांत बारीक लक्ष ठेवावं लागतं, कारण क्वचित अस्वस्थता वाढते. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. मात्र बरं वाटलं की आपल्या मनानं बंद करायच्या नसतात. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायच्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायच्या. माझ्याकडचं काम साधं होतं. रोज ठरल्या वेळी उठून डेअरीत दूध घालून यायचं, मन असो वा नसो. पहिले दिवस तो नुसता वैतागला. मग कॅन घेऊन जायला लागला, मग तिथं कुणाशी तरी दोन शब्द बोलायला लागला.

दिवाळीनंतर वडीलच म्हणाले, "गावात एकदा बोलाल का? माझ्यासारखी अजून असतील." मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष आप्पांनी लगेच हरकत घेतली. "मॅडम, तुमचं बरोबर असंल. पण माईकवर असलं बोलून चांगल्या पोरांच्या डोक्यात किडा सोडायचा कशाला? आणि पाव्हण्यांत नाव जाईल, या गावची पोरं अशी म्हणून."

आप्पांची भीती निम्मी खरी आहे, हे मी तिथंच कबूल केलं. आत्महत्येच्या बातमीची लागण होते, विशेषतः तरुणांत. कशी केली याचं वर्णन, एकच एक कारण चिकटवणं, गेलेल्याला हिरो करणं, यानं धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेनं वार्ताहरांसाठी केलेल्या सूचनांत हेच आहे. पण मग मी विचारलं, शेजारच्या गावात मागं एक पोरगा गेला तेव्हा चौकात काय लागलं होतं? सगळ्यांना आठवलं. दहा बाय पंधराचा फ्लेक्स, ढगांच्या मागं हसरा फोटो, खाली मित्रमंडळाची नावं. आठवडाभर प्रत्येकाच्या स्टेटसला दर्दभरी गाणी. जिवंतपणी ज्याला कुणी 'कसा आहेस' म्हणून विचारलं नाही, त्याला गेल्यावर मिळालेला तो मान इतर खचलेली पोरं बघत असतात. डोक्यात किडा सोडतो तो फ्लेक्स. विचारपूस नव्हे. मला स्वतःला या फ्लेक्सचा राग येतो, तो आवाजात उतरलाही असेल. आप्पा त्यावर काही बोलले नाहीत. पण कार्यक्रम नको हेही म्हणाले नाहीत.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला होता. गावातल्याच शिकवून तयार केलेल्या लोकांनी छोट्या बैठका घेतल्या, जवळ उपचारांची सोय उभी केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे सुरुवातीला ४.३ टक्के होते, दीड वर्षांनी २७.२ टक्के झाले. आम्ही त्यातून उचललं ते एवढंच की स्टेज, हार, सत्कार काही नको. आठ-दहा जण, डेअरीत संध्याकाळचं संकलन उरकल्यावर. मग क्रिकेटची टीम, मग तालीम, मग सलूनवाला. सलूनवाला फार कामाचा माणूस निघाला. कोण दाढी करायचा थांबलाय, हे त्याला घरच्यांच्या आधी कळतं.

अटी दोनच. गावातल्या कुणाचं नाव घ्यायचं नाही आणि फोटो काढायचा नाही. दुसरी अट पाळायला मंडळाला जास्त जड गेलं. मित्र तसं काही बोलला तर काय करायचं, हे मुलांनी एकमेकांवर करून पाहिलं. ऐकायचं, उपदेश करायचा नाही, एका मोठ्या माणसाला सांगायचं, 'कुणाला सांगू नको' अशी शपथ घेतली असली तरी सांगायचं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिथंच लावून पाहिला. २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा फुकट आहे, रात्रंदिवस आहे आणि मराठीत बोलता येतं.

तो मुलगा एकाही बैठकीला आला नाही आणि मी बोलावलंही नाही. आपली कहाणी चारचौघांत सांगणं हा उपचाराचा भाग नसतो. परीक्षा पुन्हा द्यायची की नाही, हे त्याचं अजून ठरलेलं नाही.

मुलींपर्यंत मात्र आम्ही पोचलेलो नाही. त्या डेअरीत थांबत नाहीत, कट्ट्यावर बसत नाहीत. सकाळच्या एसटीनं तालुक्याच्या कॉलेजला जातात, आल्या की घरात. गावातल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंचं म्हणणं, शिलाई क्लासपासून सुरू करू, तिथं त्यांच्या आया नको म्हणणार नाहीत. पुढच्या आठवड्यात क्लासच्या बाईंना भेटायचं ठरलंय.