चेंबरमध्ये ओतलेली बाटली : इंजिन ऑइलच्या अ‍ॅडिटिव्हबद्दल वाचकांचे प्रश्न

स्पोर्ट्स कारच्या इंजिनाची झीज आणि ऑइलमध्ये वरून घालायची अ‍ॅडिटिव्ह (बाटलीतून विकली जाणारी जादा रसायनं), या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत, गाव ठेवलं आहे.

प्रश्न : माझ्याकडे २००९ची बीएमडब्ल्यू एम३ आहे, व्ही८ इंजिनाची. या इंजिनात कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं लवकर जातात असं सगळेच म्हणतात. ऑइल बदलताना मॉलिब्डेनमची (घर्षण कमी करायला वापरतात तो धातू) बाटली घालावी का? (म्युनिक)

उत्तर : घालू नका. पण नुसतं ‘नको’ म्हणून भागणार नाही, कारण निम्मा विषय या एका प्रश्नात आहे.

चालू इंजिनात क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) आणि त्याला पिस्टनशी जोडणाऱ्या रॉडचं बेअरिंग यांनी एकमेकांना टेकायचंच नसतं. क्रँक फिरताना ऑइल स्वतःखाली ओढून घेते आणि त्या ऑइलच्या पाचरीवर तरंगते. पावसात जोरात जाणारं टायर पाण्यावर चढतं तसंच, फक्त रस्त्यावर ते नको असतं आणि इथे हवं असतं. हा थर जाडीला एखाद-दोन मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. थर टिकतो तो ऑइलच्या घट्टपणावर, क्रँकच्या वेगावर, ऑइलच्या पुरवठ्यावर आणि बेअरिंगमध्ये सोडलेल्या फटीवर. झीज रोखणारी रसायनं इथे जवळजवळ बेकार बसून असतात. त्यांना काम मिळतं जिथे धातूला धातू खरोखर घासतो तिथे : कॅम आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा आणि तो ज्यावर दाबतो तो भाग), टायमिंग चेन, आणि पिस्टनची रिंग वरच्या टोकाला क्षणभर थांबते ती जागा.

तुमचं इंजिन मिनिटाला ८४०० फेऱ्यांपर्यंत जातं आणि त्याला बीएमडब्ल्यूने १०डब्ल्यू-६० इतकं जाड ऑइल दिलं (ग्रेडमधला पहिला आकडा थंडीतल्या घट्टपणाचा, दुसरा गरम असतानाचा). सुरुवातीची बेअरिंगं शिसं-तांब्याच्या मिश्रधातूची होती, पुढे अ‍ॅल्युमिनियम-कथिलाची आली; दोन्ही झिजलेली सापडतात. कारणावरून जाणकारांत आजही भांडणं आहेत. बरेच जण फट फारच कमी ठेवल्याकडे बोट दाखवतात. मॉलिब्डेनम कमी पडलं म्हणून बेअरिंग गेलं, असं म्हणणारा जाणकार मला अजून भेटलेला नाही.

या गाडीच्या टॅकोमीटरवर इशाऱ्याचा पट्टा आहे, तो ऑइल तापेल तसा मागे सरकत जातो. लोक त्याला शोभेची वस्तू समजतात. माझ्या मते बेअरिंगसाठी कुठल्याही बाटलीपेक्षा तो पट्टा मोलाचा आहे. थंड १०डब्ल्यू-६० मधासारखं असतं, आणि त्या अवस्थेत ७००० फेऱ्या मारणं म्हणजे पैसे देऊन दुखणं घेणं. झिजायची वाट न पाहता बेअरिंगं आधीच बदलायची असतील तर ते काम इंजिन न उतरवता खालून होतं; सबफ्रेम आणि चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) खोलावं लागतं. बाटल्यांचे पैसे त्यासाठी साठवा.

मॉलिब्डेनमविषयी थोडं. काही बाटल्यांमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी भुकटी असते. चांगल्या ऑइलमध्ये मात्र ते विरघळलेल्या सेंद्रिय रूपात असतं आणि गरम घर्षणाच्या जागीच त्याचे पापुद्रे तयार होतात. हे दुसरं रूप खरंच गुणी आहे. त्याची एक खोड मात्र आहे : ज्या इंजिनांत टॅपेटवर हिऱ्यासारख्या कार्बनचा लेप असतो, तिथे लेपाच्या काही प्रकारांची झीज तेच वाढवतं. एका धातूला मानवणारं औषध दुसऱ्याला बाधू शकतं ते असं.

प्रश्न : मी जुनी एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) दुरुस्त करतोय. कॅम आणि टॅपेट नवे घातले. इंग्लंडमधले एमजीवाले सांगतात की हल्लीच्या ऑइलमध्ये झिंक नाही, त्यामुळे नवी कॅम महिन्यात सपाट होईल. हे खरं का? (कोल्हापूर)

उत्तर : अर्धं खरं आहे, आणि महत्त्वाचा अर्धा भाग तोच आहे.

‘झिंक’ म्हणजे झेडडीडीपी, जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेलं एक संयुग. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते ऑइल लवकर सडू नये आणि बेअरिंग गंजू नये म्हणून आलं. ते झीजही रोखतं हे नंतर ध्यानात आलं. अशी नशिबाने सापडलेली रसायनं या धंद्यात बरीच आहेत. उष्णता आणि घासणं यांमुळे ते कॅमवर फॉस्फेटचा काचेसारखा थर बसवतं, जाडीला मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. धातूऐवजी तो थर झिजतो आणि पुन्हा बसतो. इंजिन बंद केल्यावर ऑइल खाली उतरतं, हा थर जागेवर राहतो.

एमजीबीचे टॅपेट सपाट आहेत. रोलर नाही, त्यामुळे कॅमचं नाक टॅपेटच्या तोंडावर प्रचंड दाबाने घासत जातं, आणि तिथे हा थर लागतोच. फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो म्हणून पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमध्ये तो कमी करत आणला गेला. २००४च्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम वर्गात पातळ ग्रेडना ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. अफवेत गाळला जातो तो भाग असा की ही मर्यादा ५डब्ल्यू-३० सारख्या ग्रेडना आहे. २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही.

तेव्हा तुम्ही चांगलं २०डब्ल्यू-५० घ्या आणि कंपनीच्या माहितीपत्रकात फॉस्फरस ०.१० ते ०.१२ टक्के आहे का ते बघा. असेल तर विषय संपला. वरून आणखी झिंक ओतू नका. प्रमाण बेताबाहेर गेलं की तेच रसायन लोखंड खायला लागतं. नव्या कॅमला जोडताना मॉलिब्डेनमची पेस्ट लावा (इथे ती भुकटी कामाची आहे!), आणि इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की आयडलवर सोडू नका. पहिली वीस मिनिटं २००० फेऱ्यांच्या आसपास ठेवा. आयडलला कॅमवर ऑइलचे शिंतोडे कमी उडतात आणि वेग कमी असल्याने थर धरत नाही. नव्या कॅमी मरतात त्या बहुधा या पहिल्या वीस मिनिटांत, आणि नाव ऑइलचं होतं.

हेच सगळं घरातल्या प्रीमियर पद्मिनीलाही लागू आहे. तिला कुणी स्पोर्ट्स कार म्हणणार नाही, पण टॅपेट त्याच जातीचे.

प्रश्न : दुकानदाराने काउंटरवर यंत्र लावून दाखवलं. फिरत्या चाकावर दांडा दाबला की साध्या ऑइलमध्ये चाक लगेच अडकतं. त्यांचं अ‍ॅडिटिव्ह दोन थेंब टाकल्यावर पूर्ण वजन टाकलं तरी फिरत राहतं. डोळ्यांनी पाहिलं, मग खोटं कसं? (ठाणे)

उत्तर : डोळ्यांनी पाहिलंत ते खरंच होतं. फक्त ते तुमचं इंजिन नव्हतं.

ते यंत्र टिमकेन टेस्टरचं (वंगण किती दाब सोसतं ते मोजणाऱ्या यंत्राचं) छोटं भावंड. ही चाचणी गिअर ऑइल आणि ग्रीससाठी आहे, जिथे अरुंद रेषेवर अफाट दाब येतो. त्या दाबाला क्लोरीनयुक्त पॅराफिन झकास टिकतं. गंमत म्हणून लोकांनी त्याच यंत्रावर शाम्पू टाकूनही चाक फिरतं ठेवून दाखवलं आहे. शाम्पू चेंबरमध्ये ओतायला तुम्ही तयार व्हाल का? इंजिनात ज्वलनाचं पाणी असतं, उष्णता असते. तिथे क्लोरीनच्या संयुगांपासून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊ शकतं, आणि बेअरिंगमधल्या शिसं-तांब्याला ते सोसत नाही.

टेफ्लॉनच्या भुकटीचीही एकेकाळी अशीच हवा होती. अमेरिकेत स्लिक ५० या त्यातल्या नामांकित अ‍ॅडिटिव्हच्या जाहिरातींवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ साली आक्षेप घेतला. झीज कमी होते या दाव्याला पुरेसा आधार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९७मध्ये तडजोड झाली. टेफ्लॉन बनवणाऱ्या ड्यूपाँटने तर त्याच्या बरंच आधी इंजिन ऑइलमध्ये त्याचा उपयोग नाही असं सांगून टाकलं होतं. तवा आणि सिलिंडर यांत फरक आहे.

प्रश्न : ऑक्टेव्हिया आरएस रीमॅप करून घेतली (ताकद वाढवायला इंजिनाच्या कंप्युटरची सेटिंग बदलून घेतली). मेकॅनिक म्हणतो टर्बो गाडीला साफसफाई जास्त लागते, तर डिटर्जंटची एक बाटली प्रत्येक वेळी घाल. (नाशिक)

उत्तर : इथे मात्र बाटली नुसती निरुपयोगी नाही, धोक्याची ठरू शकते.

थेट पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनात कमी फेऱ्या आणि जास्त भार असताना, साधारण १५०० ते २५०० फेऱ्यांत, कधीकधी ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. पिस्टनच्या वरच्या रिंगेपाशी साचलेला ऑइल-पेट्रोलचा थेंब उडून जळतो, हे त्यामागचं मुख्य स्पष्टीकरण. एकच जोराचा ठोका रिंगेची भिंत फोडू शकतो. कॅल्शियमचे डिटर्जंट ही शक्यता वाढवतात हे संशोधनात दिसलं. मॅग्नेशियमचे तितकं वाढवत नाहीत, झेडडीडीपी आणि मॉलिब्डेनम ती कमी करतात. म्हणून २०१८च्या एपीआय एसएन प्लसमध्ये यासाठी वेगळी चाचणी आली, २०२०च्या एसपीमध्ये तिच्या जोडीला टायमिंग चेनच्या झिजेचीही. ऑइल बनवणाऱ्याने कॅल्शियम मोजून कमी केलं, आणि तुमचा मेकॅनिक बाटलीतून काय वाढवतोय ते त्यालाही माहीत नाही.

रीमॅपने खालच्या फेऱ्यांतला टॉर्क वाढलाय, म्हणजे धोक्याच्या पट्ट्यातला भार वाढलाय. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मंजुरीचं ऑइल घ्या, बदलण्याचं अंतर निम्म्यावर आणा, आणि कसारा घाटात मॅन्युअल मोडवर वरचा गिअर धरून पॅडल तळाला दाबू नका.

प्रश्न : पोर्शे केमनच्या बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) ओरखडे दिसलेत. ‘नॅनो सिरॅमिक’ने ते भरून येतात का? (दुबई)

उत्तर : नाही. त्या बोअरचा कणखरपणा पृष्ठभागावर उघड्या ठेवलेल्या सिलिकॉनच्या कणांत आहे, आणि पिस्टनच्या बाजूला स्वतःचा लेप. लेप गेला आणि कण उखडले की बाटलीतली पावडर ते परत रोवू शकत नाही. बोअरस्कोपचे (सिलिंडरमध्ये सोडायच्या बारीक कॅमेऱ्याचे) फोटो घेऊन इंजिन बांधणाऱ्याकडे जा.

प्रश्न : मग अ‍ॅडिटिव्हने माझ्या गाडीत फरक पडला की नाही हे कळणार कसं? इंजिनाचा आवाज तर कमी झाला. (पुणे)

उत्तर : घट्ट काहीही ओतलं तरी आवाज कमी होतो. वापरलेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्या. लोखंड वाढलं तर कॅम किंवा सिलिंडर, तांबं-शिसं-कथील वाढलं तर बेअरिंग, अ‍ॅल्युमिनियम वाढलं तर पिस्टन. सिलिकॉन आणि लोखंड जोडीने चढले तर आधी एअर फिल्टर बघा. धूळ आत जातेय. आकडे नेहमी दर हजार किलोमीटरमागे काढा आणि निदान तीन नमुन्यांचा कल पाहा. ऑइलमधले धातू मोजणाऱ्या साध्या स्पेक्ट्रोमीटरला पाच-दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत, त्यामुळे बेअरिंगचे पापुद्रे निघत असले तरी अहवाल स्वच्छ येऊ शकतो. म्हणून जुना ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून पाहायचा.

नमुना गरम इंजिनाचा, ऑइल सोडताना मधल्या धारेचा घ्या. पहिला नमुना बाटली घालण्याआधीचा हवा. आणि भांडं नवं, कोरडं. आमच्याकडे एकदा सोडियम भलतंच वाढलेला नमुना आला. सोडियम म्हणजे कूलंट ऑइलमध्ये शिरतोय अशी शंका, मालक हेड खोलायला निघालेले. ऑइल लोणच्याच्या धुतलेल्या बरणीतून आणलं होतं.