मेल सर्व्हरवर ब्लॅकलिस्ट लावल्यापासून चांगले मेलही परत जातात. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यात ४० मेलबॉक्सचा पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) आहे, मागे स्पॅमअसॅसिन (स्पॅम ओळखणारा प्रोग्राम), डीएनएससाठी (नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा) गूगलचा सार्वजनिक सर्व्हर ८.८.८.८. स्पॅमहाउसच्या झेन यादीची (ज्यांच्याकडून थेट मेल घेऊ नये अशा आयपींची ब्लॅकलिस्ट) ओळ टाकली आणि जीमेलवरून येणारे गिऱ्हाइकांचे मेलही परत जायला लागले. शिवाय मानेवाड्यात घरून काम करणाऱ्या सेल्समनचा मेल तुमचाच सर्व्हर घेईना. या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत, यादी बदलून सुटणारी नाहीत.

पहिली आधी. समोरचा आयपी २०३.०.११३.२५ असेल तर पोस्टफिक्स तो उलटा करून २५.११३.०.२०३.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग हे नाव डीएनएसला विचारतो. नाव सापडलं नाही, म्हणजे आयपी यादीत नाही. सापडलं तर १२७ ने सुरू होणारा पत्ता येतो आणि शेवटच्या आकड्यात कारण असतं: २ म्हणजे एसबीएल आणि ३ सीएसएस (दोन्ही स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्या), ४ ते ७ एक्सबीएल (व्हायरसने ताबा घेतलेली मशीन), १० आणि ११ पीबीएल (घरगुती ब्रॉडबँडसारखे आयपी; खाली बघा). पण १२७.२५५.२५५.२५४ आलं तर त्या आयपीशी त्याचा काही संबंध नाही. तुम्ही सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून (डीएनएसच्या प्रश्नांची उत्तरं शोधणारा सर्व्हर, इथे ८.८.८.८) विचारताय, एवढाच तो निरोप आहे. शेवटी २५५ असेल तर प्रश्न प्रमाणाबाहेर गेले, २५२ असेल तर झोनचं नाव चुकलं. तुमच्या ओळीत कोणती उत्तरं धरायची तो कोड दिलेला नाही, त्यामुळे कुठलाही पत्ता आला की पोस्टफिक्स 'यादीत आहे' असंच धरतो. चोर सोडून संन्याशाला फाशी होतेय ती इथे.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. त्याच मशीनवर अनबाउंड (स्वतःचा रिझॉल्व्हर) बसवा आणि त्यात फॉरवर्डरची (प्रश्न दुसऱ्या सर्व्हरकडे ढकलणारी) ओळ ठेवू नका. फॉरवर्ड केलंत तर प्रश्न पुन्हा ८.८.८.८ मार्गेच जातील. रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये (कुठला रिझॉल्व्हर वापरायचा ते सांगणारी फाइल) १२७.०.०.१, म्हणजे हेच मशीन, टाका. तिथे १२७.०.०.५३ दिसत असेल तर सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड (लिनक्सचा आयता रिझॉल्व्हर) मधे बसलाय, त्याला बाजूला करा. डेबियन-उबुंटूवर पोस्टफिक्स क्रूटमध्ये (बंदिस्त फोल्डरमध्ये) चालतो आणि या फाइलची स्वतःची प्रत वापरतो, म्हणून नंतर पोस्टफिक्स रीस्टार्ट करायचाच. अनबाउंडच्या प्रायव्हेट-अॅड्रेसमध्ये (दिलेले पत्ते उत्तरांतून गाळणारी सेटिंग) १२७.०.०.०/८ लिहू नका, नाहीतर ब्लॅकलिस्टची खरी उत्तरंच गाळली जातील आणि एकही स्पॅम अडणार नाही.

मग डिग या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या कमांडने तपासा: डिग २.०.०.१२७.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग. याला १२७.०.०.२ सारखी उत्तरं आलीच पाहिजेत. १.०.०.१२७ ला काहीही येता कामा नये. हे दोन चाचणी-पत्ते आरएफसी ५७८२ (अशा याद्यांबद्दलचा तांत्रिक दस्तऐवज) मध्येच ठरलेले आहेत, त्यामुळे कुठल्याही आयपी-यादीवर चालतात. त्यानंतर ओळ अशी करा (फाइलमध्ये रोमन अक्षरं-अंकांत): रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग=१२७.०.०.[२..११].

आता सेल्समन. घरगुती ब्रॉडबँडचे आयपी पीबीएलमध्ये असणं हा त्यांच्यावरचा आरोप नाही. या आयपीवरून थेट पोर्ट २५ ला मेल येऊ नये, एवढंच ती यादी सांगते. त्याने पोर्ट ५८७ वर लॉगिन करून पाठवायला हवं, आणि एसएमटीपीडी_रेसिपियंट_रिस्ट्रिक्शन्समध्ये (मेल घ्यायचा की नाही ते ठरवणारे नियम) क्रम असा हवा: परमिट_मायनेटवर्क्स (आपले विश्वासातले पत्ते), परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड (लॉगिन केलेले), रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन (भलतीकडे जाणाऱ्या मेलला नकार), आणि त्यानंतरच आरबीएल, म्हणजे ब्लॅकलिस्टची ओळ. नियम वरून खाली वाचले जातात. तुमची आरबीएलची ओळ सगळ्यात वर असेल तर लॉगिन केलेला माणूसही तिथेच अडेल. मास्टर.सीएफ या फाइलमधल्या सबमिशन सेवेला (पोर्ट ५८७) तर आरबीएल लागूच करू नका.

एक गोष्ट आजच बघा, कारण ती जास्त धोक्याची आहे. लॉगमध्ये बाहेरचे सगळे मेल १९२.१६८.१.१ वरून आल्यासारखे दिसतात का? मग फायरवॉल येणाऱ्या कनेक्शनचा मूळ आयपी बदलतोय. अशा वेळी ब्लॅकलिस्ट निरुपयोगी ठरतेच, वर तो पत्ता मायनेटवर्क्समध्ये असेल तर तुमचा सर्व्हर ओपन रिले होतो, म्हणजे कुणीही त्यातून कुठेही मेल पाठवू शकतं. फायरवॉलवरचं ते सोर्स नॅट बंद करा.

स्पॅमअसॅसिनही याच रिझॉल्व्हरमधून विचारतो. मेलच्या हेडरमध्ये यूआरआयबीएल_ब्लॉक्ड दिसलं, तर लिंक तपासणारी यादी तुम्हाला नकार देतेय असं समजा. अनबाउंडनंतर ते जायला हवं.

बाकी याद्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: थेट नकार फक्त झेनवर. इतर याद्यांना पोस्टस्क्रीनमध्ये (पोस्टफिक्सची दारावरची चाळणी) वजन द्या, उदाहरणार्थ झेनला ३, दुसरीला १ आणि मर्यादा ३. जुन्या लेखांतून याद्या उचलू नका. ओआरडीबी ही ब्लॅकलिस्ट २००६ मध्ये बंद झाली आणि २००८ मध्ये प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणू लागली. सॉर्ब्स २०२४ मध्ये बंद झाली. २०२१ च्या जानेवारीत तर चालू असलेल्या स्पॅमकॉपच्या डोमेनचीच मुदत संपली आणि भलतेच आयपी यादीत दिसू लागले. म्हणूनच कोड लिहायला सांगतोय आणि दर यादीवर १.०.०.१२७ ची चाचणी क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) रोज लावायला सांगतोय.

बदल करताना आरबीएलच्या ओळीआधी वॉर्न_इफ_रिजेक्ट लावून आठवडाभर ठेवा. मेल जातील-येतील, फक्त लॉगमध्ये रिजेक्ट_वॉर्निंग पडेल. त्यात एकही ओळखीचं गिऱ्हाईक दिसलं नाही, की तो शब्द काढा.