वाचकांचे प्रश्न : मुलांसाठी विज्ञानाचे व्हिडिओ कसे निवडावेत?

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीत शिकते. रोज संध्याकाळी ती माझ्या मोबाइलवर विज्ञानाचे व्हिडिओ आवडीने पाहते. सगळे समजले असे ती म्हणते. परंतु त्याच विषयावर दोन प्रश्न विचारले की गोंधळते. तिच्यासाठी यूट्यूबवरील कोणते चॅनेल सुचवाल?
— एक पालक, बार्शी

उत्तर : ‘व्हेरिटॅसियम’ हे विज्ञानाचे चॅनेल चालवणारे डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात पीएच.डी. करताना नेमका हाच प्रश्न अभ्यासला होता. सरळ, सोपे विवेचन विद्यार्थ्यांना स्पष्ट वाटले, पण त्यांच्या मनातील जुने गैरसमज मात्र जागचे हलले नाहीत. उलट ज्या व्हिडिओंत गैरसमज आधी मांडून मग खोडून काढले होते, ते पाहताना विद्यार्थ्यांना डोके अधिक चालवावे लागले आणि विषयही अधिक समजला. वर फेकलेला चेंडू हातातून सुटल्यानंतर त्याच्यावर वरच्या दिशेने बल असते का, असे मुलीला विचारून पाहा. उत्तर ‘हो’ आले, तर आश्चर्य मानू नका. हवेचा विरोध सोडल्यास त्या चेंडूवर केवळ गुरुत्वाकर्षणच कार्य करत असते.

म्हणून माझी पहिली शिफारस अरविंद गुप्ता यांच्या चॅनेलची आहे. आयआयटी कानपूरचे अभियंते असलेल्या गुप्ता यांनी पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केले आणि टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याचे असंख्य छोटे व्हिडिओ तयार केले; त्यांतील बरेच मराठीतही आहेत. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला हे चॅनेल मोलाचे वाटते ते एका कारणाने : व्हिडिओ संपला की मुलाला मोबाइल खाली ठेवून कात्री हातात घ्यावीशी वाटते.

त्यांची साधी मोटार घ्या. एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा कापलेला रबर, एक लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे, एवढेच साहित्य. खरी गंमत पिनांवर टेकणाऱ्या तारेच्या टोकांत आहे. त्यांवरील वीजरोधक आवरण तीन बाजूंनी खरवडायचे आणि एका बाजूला तसेच राखायचे. ते सगळीकडून खरवडले, तर अर्ध्या फेरीनंतर वेटोळ्यावरील रेटा उलटा होतो आणि ते नुसते डुगडुगत राहते. एका बाजूला आवरण राखल्याने तेवढ्या भागात वीजप्रवाह खंडित होतो आणि वेटोळे मिळालेल्या वेगाने पुढे जाते. मोटार फिरेना म्हणून मुलगी स्वतः टोके तपासू लागेल, तेव्हा हे कारण तिचे तिला सापडेल.

गणितासाठी ग्रँट सँडरसन यांचे ‘थ्री ब्लू वन ब्राउन’ अप्रतिम आहे, पण ते इंग्रजीत आहे आणि त्यातील कलनशास्त्राची (कॅल्क्युलसची) मालिका अकरावी-बारावीत अधिक उपयोगी पडेल; आत्ता घाई नको.

आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय मात्र बंद करून टाका आणि उत्तर सांगितले जाण्यापूर्वी व्हिडिओ थांबवून मुलीला आपला अंदाज वहीत लिहायला सांगा. मोटारीसाठी लागणारी तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते, चुंबक जुन्या स्पीकरमधून निघतो. आणि खेळून झाल्यावर वेटोळे पिनांवरून काढून ठेवावे, अन्यथा सेल तापतो व लवकर उतरतो.