उपग्रहाने दाखवलेल्या जागी जाळं टाकलं तरी मासे का मिळत नाहीत?

तुम्ही विचारलंय की मासेमारीच्या सूचनेतल्या अक्षांश-रेखांशावर नौका नेली, जाळं जवळजवळ रिकामं आलं, मग उपग्रहाला मासे दिसतात तरी का?

नाही दिसत. या कामातले उपग्रह पाण्याचा रंग आणि पृष्ठभागाची उष्णता मोजतात. मासे कुठे असतील, हा त्यावरून बांधलेला अंदाज. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था तो बांधून बंदरापासूनची दिशा, अंतर आणि खोली कळवते. अंदाज चांगला असतो, पण तो कुठे कच्चा पडतो हे माहीत हवं.

रंगाचं आधी. वनस्पतिप्लवकांतलं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींतलं, हरितद्रव्य ४४३ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं, ५५५ जवळचा हिरवा फारसा शोषत नाही. या दोहोंच्या गुणोत्तरावरून एका घनमीटरात किती मिलिग्रॅम हरितद्रव्य आहे ते काढतात. अडचण अशी की उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशातला ९० टक्क्यांच्या आसपास भाग हवेतून विखुरलेला असतो. तो वजा करताना पाणी अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, लालपलीकडच्या) प्रकाशात पूर्ण काळं आहे असं धरतात. खोल समुद्रात ते खरंही असतं. खाडीच्या तोंडाशी किंवा खंभातच्या आखातात मात्र गाळच चमकतो, वजाबाकी चुकते आणि गाळ हरितद्रव्य म्हणून नोंदला जातो. म्हणून किनाऱ्याला चिकटलेल्या गडद हिरव्या पट्ट्यावर मी तरी विसंबणार नाही.

तापमानही अवरक्त प्रकाशावरूनच मोजलं जातं, ते पाण्याच्या अगदी वरच्या थराचं, मिलिमीटरहूनही पातळ. वारा पडलेल्या दुपारी तो थर २-३ अंशांनी तापतो आणि खालचं थंड पाणी झाकून टाकतो. स्वतः नकाशा पाहत असाल तर रात्रीचाच घ्या.

खरी खूण म्हणजे सीमा. थोड्याच अंतरात तापमान बदलतं आणि तिथेच हिरवाही बदलतो, अशी रेघ शोधा. नुसतं हिरवं पाणी पुरेसं नाही. प्लवक वाढले, त्यांना खाणारे सूक्ष्म प्राणी आले, मग बांगडा-तारली आली, यात दिवस जातात. एकाच दिवशी दिसलेल्या रेघेपेक्षा दोन-तीन नकाशांत टिकलेली रेघ मोलाची.

तुमचं जाळं रिकामं येण्याचं मला सर्वांत संभवनीय वाटणारं कारण म्हणजे शिळी माहिती. सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाचा प्रवाह दिवसाला सुमारे २६ किलोमीटर सरकतो. परवाच्या चित्रावरून ठरवलेला बिंदू आज ५० किलोमीटर चुकू शकतो. सूचना कधी निघाली याबरोबरच तिच्यामागचं चित्र कोणत्या दिवशीचं, हेही बघा. ठिकाणावर पोचल्यावर बिंदूला चिकटून राहू नका. प्रवाहाच्या दिशेने पुढे जात पाण्याचा रंग कुठे पालटतो ते पाहा.

ढग असले की रंग आणि अवरक्त दोन्ही आंधळे. सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) ढगांतून पार होतात आणि त्यांवरूनही तापमान काढतात, पण त्या नकाशातला एकेक ठिपका साधारण २५ ते ५० किलोमीटरचा असतो आणि किनाऱ्याजवळ जमिनीची उष्णता त्यात मिसळते. रिकाम्या जागा भरायला आठ दिवसांची सरासरी काढली की सीमाच पुसट होते.

आणि तुम्ही कोळंबीसाठी तळाचं जाळं ओढत असाल, तर हे सगळं वरच्या पाण्याचं आहे. तिथे तळ चिखलाचा की वाळूचा आणि पाणी किती वाव (एक वाव म्हणजे सुमारे १.८ मीटर) खोल, हेच आधी बघा.