लांब कयाक वळवायची कशी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): मी 17 फुटी जुनी सी कयाक (समुद्रावर वल्हवायची लांब, अरुंद होडी) घेतली. मित्राची 10 फुटी कयाक जागच्या जागी गर्रकन फिरते, माझी वळायचं नाव घेत नाही. बनावटीत दोष आहे का?

उत्तर: दोष नाही. ती सरळ आणि लांब जाण्यासाठीच बांधलेली आहे. पाण्याला टेकलेली लांबी 16 फूट असेल तर ढोबळ हिशेबाने 5.4 नॉटपर्यंत (ताशी सुमारे 10 किमी) वेग मिळतो, 9 फुटांना 4 नॉटच. पण वळताना त्याच लांबीला दोन्ही टोकांचं पाणी बाजूला सारावं लागतं.

लांबीइतकाच महत्त्वाचा असतो रॉकर, म्हणजे तळाची केळ्यासारखी कमान. घरच्या फरशीवर कयाक सरळ ठेवा आणि दोन्ही टोकांखाली हात घालून बघा. पंजा सहज गेला तर ती वळायला सोपी. तळ जवळजवळ शेवटपर्यंत फरशीला चिकटलेला असेल तर नाव हट्टी.

हट्टी नावही वळते, फक्त तिला कलवावं लागतं. डावीकडे वळायचंय? नाव चालती ठेवा. उजव्या कुल्ल्यावर वजन टाका आणि डावा गुडघा डेकला, म्हणजे नावेच्या वरच्या झाकणाला, खालून दाबून वर उचला. धड सरळ, डोकं नावेच्या मधोमध. मग उजवीकडचं वल्हं पायाजवळ पाण्यात घालून मागच्या टोकापर्यंत मोठा अर्धगोल काढा. नाव कलली की टोकं पाण्यातून थोडी सुटतात, टेकलेली लांबी घटते आणि ती वळू लागते. नवशिके बहुतेक सायकलसारखे वळणाच्या बाजूला कलतात. लांब कयाकला उलट कल लागतो. काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून सराव करा.

प्रश्न (पैठण): आडवा वारा सुटला की कयाक आपोआप वाऱ्याकडे तोंड करते. तळ वाकडा झाला असेल का?

उत्तर: तळ तपासायला हरकत नाही, पण हे सरळ तळाच्या नावेलाही होतं. पुढे जाताना पुढचं टोक पाणी कापत असतं. समोरच्या पाण्याचा दाब त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतो. मागच्या टोकाभोवतीचं पाणी ढवळलेलं आणि सैल असतं, म्हणून वारा शेपूट ढकलतो आणि तोंड वाऱ्याकडे वळतं. वेग जितका जास्त, तितकं हे जास्त जाणवतं. आधी सामान बघा: पाण्याच्या बाटल्या पुढच्या कप्प्यात असतील तर मागे हलवा. शेपूट खोल बसलं की फरक पडतो.

नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, पश्चिमेच्या वाऱ्याला धरणाच्या भिंतीपर्यंत मोकळं पाणी मिळतं आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. अशा वेळी भिंतीच्या बाजूला जाऊच नका. शिवाय हे पक्षी अभयारण्य आहे. वनखात्याला विचारल्याशिवाय नाव पाण्यात टाकू नका.

प्रश्न (नांदेड): स्केग घ्यावा की रडर?

उत्तर: स्केग, म्हणजे मागच्या तळाखाली खाली-वर करता येणारं पातं. तो नाव वळवत नाही, मागचं टोक धरून ठेवतो. आडव्या वाऱ्यात अर्धा सोडला की बहुतेक नावा सरळ चालतात. पूर्ण सोडला तर तोंड वाऱ्यापासून दूर जाऊ लागतं, वर घेतला तर वाऱ्याकडे. रडर, म्हणजे पायाने फिरवायचं मागचं सुकाणू, वाईट नाही, लांबच्या सफरीत पाठ-खांदे वाचवतो. पण पहिल्या दिवसापासून पायाने नाव वळवायची सवय लागली की कंबर शिकत नाही, आणि केबल तुटली की माणूस हतबल होतो, हे माझं ठाम मत.

आपल्याकडची एक अडचण सांगतो. धरणाकाठची काळी चिकणमाती स्केगच्या खाचेत बसते, वाळली की दगड होते. प्रत्येक वेळी खाच धुवा. पात्याच्या टोकाला भोक पाडून छोटी दोरी बांधा. पातं अडकलं तर शेजारचा सोबती ते ओढून काढू शकतो.

प्रश्न (लातूर): व्ही तळाची कयाक बसताक्षणीच डगमगली. सपाट तळाची घेऊ का?

उत्तर: संथ पाण्यात मासे धरायचे, पक्षी बघायचे, तर सपाट घ्या. लाटांवर जायचं असेल तर घाई करू नका. सपाट तळ लाटेच्या उताराबरोबर स्वतःही कलतो. व्ही तळ सुरुवातीला हलतो, पण कलल्यावर एका ठिकाणी आधार देऊन थांबतो. तो आधार पाण्यावर दोन-तीनदा बसल्याशिवाय कळत नाही. विकत घेण्याआधी कुणाची तरी मागून बसून बघा, आणि कंबर सैल सोडा.